भिंतीवरचा निळा उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून जरा डोळे मिटा. एका दाराच्या चौकटीत, काळोखात, एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांना बिलगून उभी आहेत. मिठी घट्ट आहे. पण एकमेकांच्या पाठीमागून दोघांनीही आपापला मोबाइल धरलाय, आणि नजर त्यावरच खिळली आहे. चेहऱ्यांवर जो काही उजेड पडलाय तो त्या दोन पडद्यांचाच.

हे चित्र बँक्सी या नावाने, ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराचं. एप्रिल २०१४ मध्ये ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, क्लेमंट स्ट्रीटवरच्या एका दारात लाकडी फळीवर उमटलं. शेजारच्या मुलांच्या क्लबने पहारीने ती फळीच उचकटून आत नेली. मग महापालिका मध्ये पडली आणि चित्र संग्रहालयात गेलं. बँक्सीने पत्र लिहून ते क्लबचंच असल्याचं कळवलं, तेव्हा त्याच वर्षी ते ४ लाख ३ हजार पौंडांना विकलं गेलं आणि पैशांच्या विवंचनेत असलेल्या क्लबला मदतीचा हात मिळाला. त्याच वर्षी कॅनडात, व्हँकूव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये, आयहार्ट नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने एक रडणारा मुलगा रंगवला. हातात फोन, आणि डोक्यावर ॲपच्या सूचनेचा लाल फुगा : लाइक शून्य, कमेंट शून्य, फॉलोअर शून्य.

दोन्ही चित्रं स्टेन्सिलची. आपल्याकडे रांगोळीचा छाप असतो ना, तीच युक्ती. भोकांतून रंग जातो, बाकीचा अडतो. पण दोन्ही चित्रांच्या बोलण्याची रीत वेगळी आहे. मुलाचं चित्र चिन्हांनी बोलतं, मिठीचं चित्र उजेडाने. आमच्या मते दुसरी वाट जास्त टिकाऊ. ॲपची चिन्हं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, आणि जुनं चिन्ह असलेली भिंत जुन्या कॅलेंडरसारखी दिसू लागते. शिवाय लाल रंगाला उन्हाचं वावडं. साधा स्वस्त लाल दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लवकर गुलाबी पडतो. हातातला उजळ चौकोन मात्र कुठल्याही कंपनीचा नसतो आणि तो सगळ्यांना कळतो.

तेव्हा आज त्या उजेडाबद्दलच बोलू. असं चित्र आपल्या सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या भिंतीवर करायचं, तर ते कसं करायचं?

आधी परवानगी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. मालकाचं संमतीपत्र लेखी घ्या, आणि भिंत रस्त्यावरून दिसत असेल तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातही विचारा. तोंडी "करा हो" कामाला येत नाही.

मग भिंत. पावसाळा संपल्या-संपल्या रंगवायला धावू नका. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतून दव साचलं तर भिंतीत ओल आहे. ओल्या भिंतीवर लोणा फुटतो, आणि त्यावर मारलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या. जुना चुना हाताला लागत असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, धुऊन वाळवा आणि प्रायमरचा एक हात द्या.

पाच फूट उंच, तीन फूट रुंद आकृतीसाठी चित्र ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापलं, तर कडा एकमेकींवर चढवून साधारण ३० कागद लागतात. ते जाड कार्डशीटवर किंवा पाव मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटवर चिकटवून कापायचे. आधी डोळे, बोटं, नाकपुड्या अशी बारीक कामं, मोठे भाग शेवटी. मोठे आधी कापले तर शीट लुळी पडते आणि बारीक जागी कटर घसरतो. कापलेल्या भोकाच्या मधोमध जो भाग राहायला हवा, त्याला धरून ठेवायला पट्टी सोडावी लागते. ती पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बारीक केलीत तर दुसऱ्या फवाऱ्यात भिजून वाकते.

आता उजेड. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की चेहरा दिवसाच्या फोटोवरून काढतात आणि वर निळा फवारतात. दिवसाचा प्रकाश वरून येतो : कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळ, हनुवटीखाली सावली. मोबाइल छातीशी असतो, म्हणून त्याचा उजेड खालून येतो. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा, वरच्या पापणीची खालची कड उजळते, आणि भुवईची सावली वर कपाळावर चढते. लहान मुलं हनुवटीखाली टॉर्च धरून भुताचं सोंग करतात, त्यातलंच हे. म्हणून मूळ फोटोच अंधाऱ्या खोलीत, फक्त फोनच्या उजेडात काढा. काँप्युटरवर त्याच्या चार छटा पाडा आणि प्रत्येक छटेची वेगळी शीट कापा. चारही शीटना त्याच ठिकाणी तीन भोकं ठेवा, म्हणजे एकावर एक बसवताना डोळा गालावर येणार नाही.

क्रम गडदाकडून उजळाकडे. आधी पूर्ण आकृती काळी, मग गडद करडा, मग फिका करडा, शेवटी निळसर पांढरा. हा शेवटचा रंग चेहऱ्याच्या दहाव्या भागावर पुरे होतो. जास्त झाला की चेहरा उजळलेला न दिसता रंगवलेला दिसतो. फोनभोवतीच्या धूसर प्रभेसाठी शीट काढून घ्या, आकृतीचा बाकी भाग कागदाने झाका आणि ३० ते ४० सेंटिमीटरवरून डबा हलता ठेवत अगदी ओझरता फवारा द्या. फोनजवळ तीन वेळा, लांब एकदाच. उजेड अंतराने झपाट्याने कमी होतो, प्रभेनेही तसंच विरायला हवं.

शीटवर फवारताना मात्र अंतर १५ ते २० सेंटिमीटर आणि डबा भिंतीला काटकोनात. तिरका धरला की रंग कडेखाली शिरतो, फार जवळ धरला की ओघळ येतात. डबा आधी दोन मिनिटं हलवा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. खडबडीत भिंतीवर शीट नीट टेकत नाही. मागून चिकटस्प्रे मारा, तो किंचित वाळून नुसता चिकचिकीत राहिला की शीट लावा. वैशाखातल्या दुपारी काम करू नका, कारण तापलेल्या हवेत रंग भिंतीवर पोहोचायच्या आत वाळतो आणि पिठासारखा बसतो. तोंडाला कापडी मास्क बांधून उपयोग नाही, रंगाच्या वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मास्क लागतो. काम संपल्यावर डबा उलटा धरून हवाच येईपर्यंत फवारा, नाहीतर नोझल तुंबतं.

हल्ली अशा चित्राशेजारी क्यूआर कोड हवाच असा आग्रह धरला जातो. मोबाइलच्या आहारी जाण्यावरचं चित्र बघायला मोबाइल काढा म्हणायचं, यातला विनोद जाणूनबुजून केलेला असेल तर ठीक. पण स्टेन्सिलने तो उमटवायचा तर एक अडचण आधीच माहीत हवी. कोडच्या तीन कोपऱ्यांत चौकोनात चौकोन असतात. मधली पांढरी चौकट चारही बाजूंनी काळ्याने वेढलेली, म्हणजे कापताना ती सुटून हातात येते. तिला दोन-तीन बारीक पट्ट्यांनी धरून ठेवावं लागतं आणि त्या खुणा नंतर ब्रशने काळ्या भरून काढाव्या लागतात. तीन मीटरवरून वाचायला कोड साधारण ३० सेंटिमीटरचा असावा, आणि भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांइतकी मोकळी पांढरी कड हवी. ती खाल्ली की फोनला कोड सापडत नाही. त्यामागचं वेबपान बंद पडलं तर मात्र भिंतीवर नुसता काळापांढरा चौकोन उरतो.

शेवटची गोष्ट निळ्या रंगाचा डबा विकत घेण्याआधी करायची. रात्री आठनंतर त्या भिंतीसमोर जाऊन रस्त्यावरचा दिवा बघा. पांढरा एलईडी असेल तर प्रश्न नाही. जुना पिवळा सोडियमचा दिवा असेल, तर त्याच्या उजेडात निळा रंग मळकट करडा दिसतो आणि सगळी प्रभा विझते. तिथे निळ्याचा हट्ट सोडा आणि तेवढ्या जागी स्वच्छ पांढरा वापरा. दिवसा तो थोडा फिका दिसेल, पण रात्री फोन पेटलेला राहील.