रेक्सचा गाभा आणि त्याच्या कडा

(दर्यापूर, जि. अमरावती येथे संगणकाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्या भागातली पोरं नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला जातात. त्यातल्या काहींच्या वाट्याला मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकाचं, काम येतं आणि मग फोन येतो, "दादा, आपण पायथन शिकलो, अन् इथं तर सगळं रेक्सवर चालून राहिलं!" त्या रेक्सबद्दल आज सविस्तर बोलायचं आहे. जगातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या अजून मेनफ्रेमवर चालतात, आणि तिथली रोजची बारीकसारीक कामं करणारी भाषा म्हणजे रेक्स.

माइक काउलिशॉ हे तेव्हा आयबीएम या संगणक कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत अभियंते होते. १९७९च्या मार्चमध्ये त्यांनी ही भाषा रचायला घेतली. कंपनीने सोपवलेलं काम नव्हतं ते, स्वतःच्या हौसेने केलेलं होतं. त्याआधी मेनफ्रेमवर एक्झेक आणि एक्झेक-२ या भाषा होत्या. त्यांत प्रत्येक नियंत्रक शब्दाआधी आणि प्रत्येक चलाआधी (व्हेरिएबलआधी) 'अँड'चं चिन्ह (&) टाकावं लागायचं. पानभर प्रोग्रॅम लिहिला की चिन्हांचंच रान माजायचं. काउलिशॉंनी हे उलटं केलं. शब्द मोकळे ठेवले आणि जे जसंच्या तसं पुढे पाठवायचं तेवढंच अवतरणात घातलं. वाचणाऱ्या माणसाचा विचार आधी, यंत्राचा नंतर.

मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या गोष्टीत. आयबीएमचं स्वतःचं जगभर पसरलेलं अंतर्गत जाळं होतं, व्हीनेट. काउलिशॉ एखाद्या नव्या सोयीचं वर्णन आधी कागदावर लिहीत, ते जाळ्यावरून लोकांना पाठवत, आलेले आक्षेप वाचत, आणि पटलं तरच ती सोय भाषेत घालत. आधी दस्तऐवज, मग प्रोग्रॅम. १९८२च्या मध्यापर्यंत हे असं चाललं. आज आपण मुक्त स्रोताच्या प्रकल्पांचं कौतुक करतो ते याच पद्धतीसाठी, आणि इथे एका बंदिस्त कंपनीच्या आत एक माणूस तेच करत होता! १९८१ साली ह्यूस्टनला 'शेअर' या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या बैठकीत भाषा बाहेरच्या लोकांपुढे आली, आणि १९८३ साली व्हीएम या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीसोबत ग्राहकांना मिळू लागली.

लोकांना ती आवडली, कारण शिकायला अवघड नाही. चल आधी जाहीर करावे लागत नाहीत. सगळी मूल्यं म्हणजे अक्षरांच्या माळा. 'पार्स' ही आज्ञा एका ओळीचे हवे तसे तुकडे करून देते. 'ट्रेस' चालू केलं की प्रत्येक ओळ आणि तिचं उत्तर डोळ्यांसमोर येतं. रात्रपाळीत अडकलेला जॉब सोडवताना याचा आधार किती, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

आणि हिशेब. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून पाहा, ०.३च्या मागे शेपूट येतं. कारण यंत्र दोनाच्या पायावर मोजतं आणि तिथे ०.१ नेमकं लिहिताच येत नाही. रेक्स दशमानात मोजते. ७.३५ क्विंटल कापूस, क्विंटलला ७५२१ रुपये भाव: उत्तर ५५२७९.३५, नेमकं, कागदावर केल्यासारखं. एरवी नऊ सार्थ अंक मिळतात, जास्त हवे तर सांगायचं. मापारी आणि अडत्याचा हिशेब पैशाला पैसा जुळतो की नाही हे जिथे घराघरात पाहिलं जातं, तिथल्या माणसाला याचं महत्त्व सांगायला नको. काउलिशॉंनी या दशमान गणिताचा पाठपुरावा पुढेही सोडला नाही. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या संगणकी अंकगणिताच्या २००८च्या मानकात दशमान अंकगणित आलं, आणि आयबीएमच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळं हार्डवेअरही आलं.

आता रेक्सच्या बोलींकडे, म्हणजे ठिकठिकाणच्या तिच्या रूपांकडे येऊ. रेक्समध्ये एक विलक्षण नियम आहे. जी ओळ भाषेला स्वतःची वाटत नाही, तिची किंमत काढून ती सरळ यजमान प्रणालीच्या, म्हणजे रेक्स जिच्यावर चालते आहे तिच्या, हाती दिली जाते. त्यामुळे रेक्स जिथे जाते तिथली होते. व्हीएमवर ती सीएमएस या तिथल्या आज्ञा-व्यवस्थेला आज्ञा देते, एमव्हीएस या मेनफ्रेमच्या दुसऱ्या कार्यप्रणालीवर टीएसओ या आज्ञा-व्यवस्थेला आणि आयएसपीएफच्या मजकूर-संपादकाला, पीसीवरच्या ओएस/२ या कार्यप्रणालीवर तिथल्या कमांड प्रॉम्प्टला. १९८७ साली विल्यम हॉज यांनी अमिगा या घरगुती संगणकासाठी एरेक्स ही रेक्सची आवृत्ती केली, तर तिच्यातून वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला लागले. लोकप्रियतेचं मूळ या नियमात आहे, आणि माझ्या मते फाटाफुटीचंही.

कारण गाभा सगळीकडे सारखा राहिला, फरक पडत गेला तो कडांना. दर्यापूरचा माणूस साकोलीच्या बाजारात गेला तर बोलणं अडत नाही, अडतात ती वस्तूंची नावं. फाइल वाचायची साधी गोष्ट घ्या. मेनफ्रेमवर 'एक्झेकआयओ' वापरतात, आणि तो भाषेच्या व्याकरणातला शब्दच नाही, बाहेरचा आदेश आहे. ओएस/२वर त्याच कामाला 'लाइनइन' नावाचं फंक्शन. एरेक्समध्ये 'रीडएलएन'. टीएसओवर पहिल्या ओळीतल्या टिप्पणीत 'रेक्स' हा शब्द लिहिण्याची रीत आहे, नाहीतर प्रणाली त्या प्रोग्रॅमला सीलिस्ट या टीएसओच्या जुन्या भाषेतला समजू शकते.

१९९६ साली अमेरिकेत अ‍ॅन्सी या मानक संस्थेचं रेक्ससाठीचं मानक आलं. तोवर प्रत्येक ठिकाणी हजारो ओळी लिहून झाल्या होत्या. चालता प्रोग्रॅम मानकासाठी कोण मोडणार? त्याच सुमारास आयबीएमची ऑब्जेक्ट रेक्स (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रूप) आली, ती पुढे मुक्त झाली आणि आज रेक्स लँग्वेज असोसिएशन सांभाळते. तिच्यात जुने प्रोग्रॅम बहुतांशी चालतात. खुद्द काउलिशॉंची जावावर चालणारी नेटरेक्स मात्र वेगळ्याच वाटेची. जुना प्रोग्रॅम तिथे जसाच्या तसा चालत नाही. मेनफ्रेमबाहेर रेक्स मागे पडली याचं कारण मला असं दिसतं की अशाच कामांची पर्ल ही भाषा १९८७पासून स्रोतासकट फुकट मिळत होती, आणि रेक्सचं नशीब ओएस/२ला बांधलं गेलं.

तेव्हा करायचं काय? आपल्या लॅबमधल्या लिनक्सवर रेजिना टाका. ती नॉर्वेच्या अँडर्स क्रिस्टेन्सन यांनी सुरू केलेली मुक्त रेक्स आहे. दुसऱ्या यंत्रावर हर्क्युलिस घ्या, ते साध्या संगणकावर मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे; त्यात एमव्हीएस ३.८ आणि त्यावर चालणारी ब्रेक्स/३७० ही रेक्स बसवा. पैसे लागत नाहीत. एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवा. फाइलचं सगळं काम पहिल्या दिवसापासून वेगळ्या उपप्रोग्रॅममध्ये ठेवा, म्हणजे यंत्र बदललं तर तेवढाच बदलेल. आणि 'ए' हे अक्षर '१' या अक्षरापेक्षा लहान आहे का, एवढं दोन्हीकडे विचारा. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात अक्षरं आधी, अंक नंतर, लिनक्सवर उलट. ग्राहक क्रमांकांची यादी एकीकडून दुसरीकडे नेताना क्रम का बिघडतो, याचं उत्तर तुम्हाला त्या एका ओळीत मिळेल.