आधी टॅपेट कव्हर उघडा, मग फ्लशचं बघू

(पुण्यात जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांनी पंधरा वर्षं ओलांडली आहेत. आरटीओत खेपा घालून तुम्ही पुन्हा नोंदणी करून घेतलीत, हरित कर भरलात, आणि आणखी पाच वर्षं हीच गाडी चालवायची असं ठरवलंत. अशा गाडीवाल्याला सर्व्हिसिंगच्या वेळी हमखास विचारलं जातं, "साहेब, इंजिन फ्लश टाकू का? आतला सगळा गाळ निघून जाईल." बाटलीला पैसे फारसे पडत नाहीत. आपल्यालाही वाटतं, जुनी गाडी आहे, आतून धुऊन निघाली तर बरंच. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याला हो किंवा नको म्हणण्याआधी इंजिनात डोकावून बघा.

गाळ येतो कुठून ते आधी समजून घेऊ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ना, ते हेच पाणी. बहुतेक वाफ तिकडून निघून जाते. पण थोडी वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि थोडा धूर पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. ऑइल चांगलं तापलं, तर वाफ आणि पेट्रोल त्यातून उडून जातं आणि ब्रीदरच्या, म्हणजे वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या, वाटेने इंजिन ते पुन्हा ओढून जाळून टाकतं. ऑइल तापलंच नाही, तर हे सगळं त्यातच मुरतं. आम्लं तयार होतात, ऑइल दाट होत जातं, काजळी त्यात चिकटते, आणि टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, चेंबरच्या तळाशी, रिंगांच्या खाचांमध्ये काळा थर धरतो.

आता आपल्या गाड्या पुण्यात कशा चालतात ते पाहा. कोथरूडहून मंडई, मंडईहून घर. चार-पाच किलोमीटर आणि गाडी बंद. काटा मध्यावर आलेला दिसतो, पण तो कूलंटचा काटा. ऑइल तापायला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यात चार महिने पावसाळी दमट हवा. "आमची गाडी फारशी चाललेलीच नाही" असं मालक कौतुकाने सांगतात, तेव्हा मला त्या इंजिनाची काळजी वाटते, कारण गाळ सगळ्यात जास्त अशाच गाडीत साठतो. रोज मुंबईच्या फेऱ्या करणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली टॅक्सी कितीतरी जास्त पळूनही आतून स्वच्छ निघते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ऑइल काळं झालं म्हणजे ते खराब झालं, असं नाही. आजच्या ऑइलमध्ये मळ सोडवणारी आणि तो तरंगता ठेवणारी रसायनं असतात. काजळी ऑइलमध्ये तरंगते म्हणून ते काळं दिसतं, आणि ऑइल बदलताना ती बाहेर पडते. डिझेल गाडीत तर नवं ऑइल एक-दोन दिवसांतच काळं होतं. घात करते ती तरंगणारी काजळी नव्हे, चिकटून बसलेली.

मागून कोणीतरी विचारलं, की पूर्वी चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन धुवायचे ते काय होतं. पूर्वीच्या साध्या ऑइलमध्ये ही रसायनं नसायची. मळ तळाशी बसायचा, म्हणून तो मुद्दाम काढावा लागे, आणि त्यासाठी पातळ फ्लशिंग ऑइलही वापरत. तेव्हा त्या पद्धतीला अर्थ होता. आज मात्र कोणी डिझेल ओतून इंजिन चालू करत असेल तर त्याचा हात धरा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळसा पडदा असतो, त्याच्यावर अख्खं इंजिन फिरतं. डिझेलने तो पडदा तुटतो आणि धातूवर धातू घासतो.

बाटलीतलं फ्लश त्यापेक्षा सौम्य असतं. जुन्या गरम ऑइलमध्ये ते घालायचं, बाटलीवर लिहिलेली मिनिटं इंजिन नुसतं आयडलवर ठेवायचं आणि लगेच ऑइल काढून टाकायचं. हलका थर असेल तर तो विरघळून निघतो. जाड थर असेल तर तो विरघळत नाही. त्याचे तुकडे सुटतात. सगळा धोका इथे आहे. चेंबरच्या तळाजवळ ऑइल पंपाची जाळी असते, स्ट्रेनर म्हणतात तिला, आणि इंजिनाला मिळणारं सगळं ऑइल तिच्यातून खेचलं जातं. सुटलेले तुकडे थेट तिच्यावर जाऊन बसतात. तुम्ही म्हणाल फिल्टर आहे की. पण फिल्टर पंपाच्या पुढे असतो आणि जाळी पंपाच्या आधी. शिवाय फिल्टर चोंदला की त्याचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं.

एक जुनी हॅचबॅक आमच्याकडे टो करून आली होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये फ्लश करून नवं ऑइल भरलेलं, आणि वारज्यापर्यंत येईतो खालून ठोके यायला लागलेले. गेज बघितलं तर ऑइल बरोबर पातळीवर, सोनेरी, नवंकोरं. चेंबर उतरवलं. जाळीवर दुधाच्या पातेल्याला धरलेल्या खरवडीसारखे काळे पापुद्रे एकावर एक बसले होते, आणि नखाएवढी जागा तेवढी मोकळी राहिली होती. तेवढ्यातून पंप काय खेचणार! बेअरिंगचा वरचा थर घासून आतलं तांबं दिसत होतं. ऑइलचा लाल दिवा मालकांना दिसला होता, पण तो दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. त्या गाडीचं पूर्ण इंजिनकाम निघालं. फ्लशच्या आधी कोणी टॅपेट कव्हर उघडलं असतं, तर हे टळलं असतं.

म्हणून बघायचं कसं ते सांगतो. ऑइल भरायचं झाकण काढा, आणि टॉर्च मारून आतला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, बघा. धातू तपकिरी, पण स्वच्छ दिसत असेल, तर तुम्हाला फ्लशची गरजच नाही. झाकणाखाली पिवळट फेस असेल, तर कूलंटची पातळी तपासा. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट फुटून ते ऑइलमध्ये उतरत असल्याची शंका घ्या. होत नसेल तर बहुधा ती छोट्या फेऱ्यांची वाफ आहे. काळं दिसलं तर झाकणावर थांबू नका, मेकॅनिकला टॅपेट कव्हर उघडायला सांगा. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत ते थोड्या वेळाचं काम आहे, गॅस्केट तेवढं नवं लागतं. थर बोटाने पुसला जातो का बघा. पुसला गेला तर फ्लश चालेल. खरवडावा लागला, तर बाटली हातात घेऊ नका. चेंबर उतरवा, जाळी काढून धुवा, चेंबरचा तळ हाताने साफ करा, टॅपेटच्या बाजूचा गाळ प्लास्टिकच्या पट्टीने उचलून घ्या आणि खाली पडणारा प्रत्येक तुकडा टिपा. मजुरी जास्त पडेल. पण गाळ बाहेर आलेला तुम्ही डोळ्यांनी बघाल.

राहिलेला थर ऑइललाच काढू द्या. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, हजार-दीड हजार किलोमीटरला दोन्ही बदला, पुन्हा तेच करा. दोन-तीन वेळा असं केलं की कव्हरखालचा रंग बदललेला दिसतो. हा रस्ता लांबचा आहे, पण जुन्या इंजिनासाठी माझ्या माहितीत याहून सुरक्षित दुसरा नाही.

फ्लश करायचंच ठरलं, तर माप बघा. बाटली बहुधा चार-पाच लिटर ऑइलसाठी असते. मारुती 800 मध्ये जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. अख्खी बाटली ओतली तर ऑइल नको इतकं पातळ होईल. रेस अजिबात द्यायची नाही, गाडी चालवायची नाही, नजर ऑइलच्या दिव्यावर. नंतर गाडी सपाटीवर ठेवून चेंबरखालचा नट काढा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. घाईत पाच मिनिटांत नट लावून टाकतात, ते चालवून घेऊ नका. पुढचे काही दिवस गाडीखाली पुठ्ठा टाका, कारण जुन्या सीलच्या फटी कधीकधी गाळानेच बुजलेल्या असतात; तो निघाला की तिथून ऑइल गळू शकतं.

हे सगळं करून ब्रीदरच्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेलाच राहिला, तर गाळ पुन्हा साठणार. नाना पेठेत बऱ्याच जुन्या गाड्यांचा हा व्हॉल्व्ह मिळतो आणि इंजिनकामाच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. ऑइल किलोमीटरवर न जाता तारखेवर बदला. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर दर सहा महिन्यांनी. आणि पंधरवड्यातून एकदा तरी कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत तिला मोकळी पळवून आणा.

काढलेल्या ऑइलबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचंय. वापरलेलं ऑइल सरकारी नियमांत घातक कचरा म्हणून धरलंय. घरी ऑइल बदलणारे काही जण ते गटारात ओतताना मी बघितलेत. पावसाळी गटारातून ते ओढ्यात आणि ओढ्यातून मुठेत जातं. फ्लश घातलेलं असो वा नसो, जुन्या डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजमध्ये द्या आणि ते अधिकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे जातं ना, हे विचारून घ्या.

आता प्रश्न घेऊ. डिझेल गाड्यांचे आधी विचारा. टर्बो असला तर थोडं वेगळं सांगावं लागेल.