डोंगरावरचा गाणारा उंदीर

श्रोतेहो, नमस्कार. आज एका उंदराच्या गाण्याविषयी बोलायचं आहे.

मध्य अमेरिकेत, कोस्टा रिका आणि पनामाच्या डोंगरांवर, सतत धुक्यात बुडालेली जंगलं आहेत. तिथल्या गवतात आणि ओल्या पालापाचोळ्यात हा राहतो, ऑल्स्टनचा गाणारा उंदीर. रंग गडद तपकिरी, वजन जेमतेम १२-१३ ग्रॅम. बहुतेक उंदीर रात्री बाहेर पडतात. हा मात्र दिवसाउजेडी हिंडतो, किडे-भुंगेरे खातो. आणि गातो.

गाताना तो मागच्या पायांवर उभा राहतो, नाकाड वर करतो आणि तोंड उघडतो. सुरुवातीचे सूर अगदी आखूड, झरझर. मग ते हळूहळू लांबत, संथ होत जातात. एका गाण्यात शंभराच्या आसपास सूर असू शकतात. प्रत्येक सूर इतक्या वरच्या पट्टीतून खाली येतो की त्याचा वरचा भाग आपल्या कानांच्या आवाक्याबाहेरच असतो. आपल्याला ऐकू येते ती फक्त बारीक किरकिर, त्यामुळे वाटतं की झुडपात एखादा किडाच ओरडतोय.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. दोन नर आमनेसामने गातात तेव्हा एकाचं संपलं की क्षणार्धात दुसरा सुरू करतो. एकमेकांच्या गाण्यात ते सहसा घुसत नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायकेल लाँग यांच्या गटाने २०१९ साली दाखवून दिलं की या पाळीमागे मेंदूच्या बाह्य पटलातला एक ठरावीक भाग आहे. तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर उंदराला समोरच्याच्या गाण्याला उत्तर देणं जमेना. एवढ्याशा डोक्यात संवादाची अशी सोय असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या गाण्याने डोंगरावरची हद्दही ठरते. उंच शिखरांवर याचाच थोरला भाऊबंद राहतो, चिरिकी गाणारा उंदीर. तो अंगाने मोठा आणि वरचढ. त्याचं गाणं कानी पडलं की खालचा गप्प होतो, काढता पाय घेतो. संशोधकांनी वरचे उंदीर तिथून हलवले, तेव्हा खालचे त्या मोकळ्या जागेत चढून आले. पण वरच्याला खाली उतरता येत नाही. त्याला उष्णता सोसत नाही. हवा तापत गेली तर त्याला आणखी वर सरकावं लागेल, आणि तो तर आधीच शिखराजवळ आहे. मला काळजी आहे ती त्याचीच.