निवृत्तीची तारीख आणि त्यानंतरची पहिली वर्षे

श्रोतेहो, निवृत्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न 'कितव्या वर्षी?' असा येतो, आणि उत्तरादाखल एखादा ठरलेला आकडा पुढे केला जातो. तो आकडा आला कोठून, हे आधी पाहू या, कारण त्याला जितके वजन आपण देतो तितके त्याचे नाही. जर्मनीचा चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क याच्या कारकिर्दीत, १८८९ मध्ये, तिथे वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा त्यात ७० हे वय घातलेले होते. ते ६५ वर आले १९१६ मध्ये, म्हणजे बिस्मार्कच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. अमेरिकेने १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ स्वीकारले, तेही तिथल्या अनेक योजनांमध्ये ते वय आधीच रुळलेले होते आणि जमाखर्चाचा मेळ बसत होता म्हणून. माणसाची उमेद, ताकद वा बुद्धी कोणत्या वर्षी ओसरू लागते हे तपासून कोणी हा आकडा काढलेला नाही. तिजोरीला काय झेपेल, या प्रश्नाचे ते उत्तर होते, आणि आपण मात्र ते स्वतःच्या आयुष्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घेतो.

बिस्मार्कचे स्वतःचे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. कायदा झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि पदावर होता. पुढच्याच वर्षी तरुण सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने त्याला पद सोडायला लावले. उरलेली आठ वर्षे त्याने मुख्यतः फ्रीडरिक्सरू येथील आपल्या जहागिरीत काढली. पैशाची ददात नव्हती, कीर्तीही अमाप होती. तरीही वृत्तपत्रांतून नव्या सरकारवर टीकेची झोड उठवणे आणि आठवणी सांगून लिहवून घेताना जुनी उणीदुणी काढणे, यातच त्याचा बराच काळ गेला. निवृत्तिवेतनाच्या कायद्याचा जनक निवृत्त होण्यात मात्र अगदीच कच्चा निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

मला आज जे मांडायचे आहे ते असे. निवृत्तीचे वर्ष अचूक निवडण्यावर आपण जितका विचार खर्च करतो, त्याच्या निम्म्यानेही विचार निवृत्तीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांवर करत नाही. आणि पैशाच्या व मनाच्या, अशा दोन्ही बाजूंचा धोका याच वर्षांत एकवटलेला असतो.

आधी पैसा. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये एक हिशेब मांडला. निवृत्त होणाऱ्याने पहिल्या वर्षी आपल्या पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि नंतर दरवर्षी तीच रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढवत नेली, तर समभाग आणि रोखे यांत विभागलेली पुंजी अमेरिकी बाजाराच्या इतिहासातल्या वाईट काळातही ३० वर्षे पुरली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. हा नियम पुढे फार प्रसिद्ध झाला आणि नियमांचे जे होते तेच त्याचेही झाले: आकडा लक्षात राहिला, अटी विसरल्या गेल्या. तो एका देशाच्या बाजारावर, एका विशिष्ट कालखंडावर आणि ३० वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे. ज्याला ४५ व्या वर्षी निवृत्त व्हायचे आहे त्याची मुदत त्याहून बरीच मोठी असू शकते.

पण बेंगेन यांच्या कामातली खरी मोलाची गोष्ट ४ हा आकडा नव्हे. सरासरी परताव्यावर भरवसा ठेवता येत नाही, परतावे कोणत्या क्रमाने येतात यावर सगळे अवलंबून असते, हे त्यांनी दाखवून दिले. दोन निवृत्त व्यक्तींकडे प्रत्येकी १०० एवढी पुंजी आहे आणि दोघेही दर वर्षाच्या आरंभी ५ काढतात, असे समजा. पहिल्याच्या वाट्याला तीन वर्षांत अनुक्रमे ३० टक्के तोटा, १० टक्के नफा आणि ३० टक्के नफा आला; दुसऱ्याच्या वाट्याला नेमके हेच, पण उलट्या क्रमाने. दोघांनी काहीच काढले नसते तर अखेरीस दोघांकडेही सारखेच, १०० च्या किंचित वर, उरले असते. काढत राहिल्यामुळे पहिल्याकडे ८१ उरतात आणि दुसऱ्याकडे जवळजवळ ८८. बाजार पडलेला असताना खर्चासाठी विकावे लागते, आणि विकलेला भाग पुढच्या तेजीत परत येत नाही. अशी घसरण विसाव्या वर्षी आली तर तिचा घाव बेताचा असतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी आली तर ती पुढची सगळी वर्षे पोखरते. म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च बाजाराला हात न लावता भागेल अशी सोय असणे, किंवा त्या वर्षांत थोडीफार मिळकत चालू असणे, हे निवृत्तीचे वर्ष पुढे-मागे करण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

याला जोडून दोन लहान गोष्टी. महागाई वर्षाला ६ टक्के असेल तर साधारण १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि २४ वर्षांत चौपट. ठराविक रकमेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हे विसरू नये. दुसरे असे की, 'सरासरी आयुर्मान' म्हणून जो आकडा कानावर येतो तो जन्माच्या वेळचा असतो. साठीपर्यंत पोहोचलेल्या माणसाचे अपेक्षित आयुष्य त्या आकड्याच्या पुढे जाते, कारण बालपणी वा तारुण्यात गेलेल्यांची गणती त्याच्या बाबतीत उरत नाही. आणि पती-पत्नी असतील तर दोघांपैकी कोणीतरी एक आणखी पुढे जाण्याची शक्यता धरूनच हिशेब करावा लागतो.

एवढा हिशेब केला की एक विचित्र अडचण समोर येते. आणखी एक वर्ष नोकरी केली तर बचतीत एका वर्षाची भर पडते, पुंजीतून काढण्याचे एक वर्ष कमी होते आणि असलेली पुंजी एक वर्ष अधिक वाढते. हे यंदा खरे आहे, पुढच्या वर्षीही खरे असेल आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. हिशेब स्वतःहून 'आता पुरे' असे कधीच म्हणत नाही. पुरेसे जमलेले असूनही वर्षामागून वर्ष थांबत राहणारी हुशार माणसे आपण पाहतो, ती लोभामुळेच थांबतात असे मला वाटत नाही. जो प्रश्न हिशेबाने सुटणारा नाही तो ती हिशेबाने सोडवू पाहतात. साठीतले एक वर्ष आणि ऐंशीतले एक वर्ष खतावणीत सारखे दिसते, पण चालण्याच्या, शिकण्याच्या आणि प्रवासाच्या दृष्टीने त्या दोन वर्षांची अदलाबदल होऊ शकत नाही. ही बाजू वजनात धरायची तर आपण निवृत्त होऊन नेमके काय करणार, हे माहीत असावे लागते. आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

काम आपल्याला पगाराखेरीज काय देते, याचा सर्वांत नेमका विचार एका दुःखद प्रसंगातून पुढे आला. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी १९३१-३२ च्या सुमारास त्या गावाचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर झाला तरी ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. रस्त्यावरून जाणारे पुरुष रेंगाळत, वारंवार थांबत. अनेकांनी घड्याळ वापरणे सोडले होते. याच धाग्यावर याहोदा यांनी पुढे असे मांडले की, काम दिवसाला आखणी देते, घराबाहेरच्या माणसांशी नित्य संबंध ठेवते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या हेतूत सहभागी करून घेते, समाजात एक स्थान देते आणि अंगाला हालचालीची सक्ती करते. बेकारी आणि निवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. निवृत्ताला लाज बाळगावी लागत नाही आणि बऱ्याच जणांच्या हाती निवृत्तिवेतन असते. पण या पाच गोष्टी मात्र दोघांच्याही हातून एकाच दिवशी सुटतात.

यांतली दिवसाची आखणी परत मिळवणे तुलनेने सोपे आहे आणि हालचालही स्वतःच्या निश्चयाने साधता येते. स्थानाचे दुःख मोठ्या पदावरच्यांना अधिक होते, असा समज आहे आणि तो बराचसा खरा असावा. फोन वाजायचा थांबतो तेव्हा तो माणसासाठी वाजत होता की खुर्चीसाठी, हे कळते. पण माझ्या मते सर्वांत अवघड आहे ती सामायिक हेतूची गोष्ट. छंद हा त्याला पर्याय ठरेलच असे नाही. छंदात आपण एखाद्या दिवशी गेलो नाही तर कोणाचे काही अडत नाही, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी काही अडते ही जाणीवच तर आपण कामाच्या ठिकाणी सोडून आलेलो असतो. शिकवणे, एखाद्या संस्थेचे हिशेब सांभाळणे, आजाऱ्याची पाळी घेणे, अशा ज्या कामांत आपल्या गैरहजेरीची दखल घेतली जाते, ती कामे या जागी टिकतात.

या उणिवा पहिल्या दिवशी जाणवत नाहीत, म्हणूनच त्या फसव्या आहेत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीच्या अवस्था वर्णन केल्या. त्यांत आरंभी मधुचंद्रासारखा काळ असतो: उशिरा उठणे, राहून गेलेले प्रवास, रखडलेली कामे. त्यानंतर भ्रमनिरास येऊ शकतो आणि मग नव्याने घडी बसवावी लागते. प्रत्येकजण या सगळ्यांतून जातोच असे नाही, आणि ॲचली यांचेही तसे म्हणणे नव्हते. पण ज्याला आधी कल्पना असते तो सहा-आठ महिन्यांनी येणाऱ्या मरगळीला आपला दोष समजत नाही, आणि त्या मरगळीच्या भरात घर विकणे, गाव बदलणे किंवा सगळी पुंजी नव्या धंद्यात घालणे असले निर्णयही घेत नाही.

घरातल्या माणसांचा विचार या चर्चेत फार कमी होतो. जपानमधील डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी निवृत्त पतींच्या पत्नींमध्ये आढळणाऱ्या शारीरिक तक्रारींकडे लक्ष वेधले. पती दिवसभर घरात असणे हेच त्या तक्रारींचे मूळ होते. यात हसण्यासारखे काही नाही. जी व्यक्ती इतकी वर्षे घर आपल्या रीतीने चालवत आली आहे, तिच्या दिवसाचीही एक आखणी आहे, आणि निवृत्त होऊन घरी आलेला माणूस बहुधा न विचारता तिच्यात शिरतो. दिवसातला कोणता वेळ कोणाचा, घरातले कोणते काम कोणाकडे, हे निवृत्तीपूर्वी स्पष्ट बोलून ठरवलेले बरे. दोघेही नोकरी करत असतील तर दोघांनी एकाच वर्षी निवृत्त व्हावे की नाही, हाही त्याच बोलण्याचा भाग आहे.

मग तयारी कशी करावी? मोठी रजा घेऊन निवृत्तीची रंगीत तालीम करावी, असा सल्ला दिला जातो. तो मला फारसा पटत नाही, कारण रजेत खुर्ची आपलीच असते आणि परतण्याची तारीख ठरलेली असते. रजेचा आनंद त्या तारखेवरच उभा असतो. त्यापेक्षा निवृत्तीनंतर जे करायचे आहे ते नोकरीत असतानाच, आठवड्यातून थोडा वेळ का होईना, सुरू करावे. जे दोन वर्षे नोकरी सांभाळून टिकले नाही, ते नोकरी सुटल्यावर एकाएकी फुलेल याचा भरवसा नाही. जिथे शक्य असेल तिथे कामाचे दिवस हळूहळू कमी करत जावे, किंवा पूर्ण निवृत्तीपूर्वी कमी जबाबदारीचे काम काही वर्षे करावे. अशा टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीत थोडी मिळकत चालू राहते, त्यामुळे मघाशी सांगितलेला पहिल्या वर्षांतल्या घसरणीचा धोका सौम्य होतो; आणि दिवसाची जुनी आखणी एका झटक्यात न मोडता सुटत जाते. आपल्या व्यवसायाचा परवाना, सदस्यत्व, ओळखीपाळखी पहिली काही वर्षे जिवंत ठेवाव्यात, म्हणजे परतायचे झाल्यास दार उघडे असते. परतणाऱ्याला लोक हसतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

निवृत्तीने माणूस लवकर खचतो, असे जे सर्रास म्हटले जाते त्याबाबत मात्र सावध राहावे. प्रकृती बिघडल्यामुळे लवकर निवृत्त झालेले लोक आकडेवारीत मिसळलेले असतात, आणि मग आजाराचा परिणाम निवृत्तीच्या खात्यावर पडतो.

शेवटी, हे सगळे विवेचन ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांचे काम रोज शरीर झिजवते, ज्यांच्या गुडघ्यांनी, पाठीने वा फुप्फुसांनी आधीच उत्तर दिले आहे, किंवा ज्यांच्या घरी कोणी गंभीर आजारी आहे, त्यांनी पाच गोष्टींची यादी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. त्यांनी खर्चाचा किमान हिशेब बसला की बाहेर पडावे आणि दिवसांची घडी नंतर बसवावी; ती बसायला वर्ष-दीड वर्ष लागले तरी चालते.