रिपोर्ट आला तर काय बदलणार?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी आयव्हीएफच्या लॅबमधली बाई. पेशंटपेक्षा त्यांच्या डिश मला जास्त ओळखीच्या. ट्रान्सफरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ (एम्ब्रियो) गर्भाशयात सोडायच्या दिवशी मात्र नाव ताडून बघायला मी बाहेर येते, आणि त्या दोन मिनिटांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, अजून एखादी टेस्ट राहिली तर नाही ना?"

'राहिली' म्हणजे जणू एखादा फॉर्म आहे आणि एक रकाना भरायचा चुकलाय.

गेल्या वर्षी सांगलीकडचं एक जोडपं आलं होतं. दोन ट्रान्सफर वाया गेलेल्या, फ्रीज केलेलं एकच ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेला एम्ब्रियो, शिल्लक. पिशवीत जाडजूड फाईल आणि नवऱ्याच्या मोबाईलवर नातेवाइकांनी पाठवलेली टेस्टांची यादी. वरच्या नंबरला ईआरए.

ही टेस्ट काय आहे ते बघू. गर्भाशयाचं अस्तर एम्ब्रियोला रुजवून घ्यायला ठरावीक काळच तयार असतं, ही कल्पना पक्की आहे. तो काळ प्रत्येकीचा वेगळा असेल तर तो शोधावा, हा विचारही रास्त. म्हणून एक महिना फक्त तालमीचा. गोळ्या, प्रोजेस्टेरॉन सगळं तेच, पण पाचव्या दिवशी एम्ब्रियो सोडण्याऐवजी बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात. दुखतं, बरं का. 'चिमटा काढल्यासारखं' असं सांगतात, पण प्रत्येकीला तेवढंच वाटतं असं नाही. मग दोनशेहून जास्त जनुकं तपासून रिपोर्ट सांगतो, ट्रान्सफर इतके तास अलीकडे किंवा पलीकडे करा.

आता 2022 साली अमेरिकेत याचीच नीट परीक्षा झाली. 767 बायका. अर्ध्या जणींची ट्रान्सफर रिपोर्टच्या वेळेनुसार, अर्ध्या जणींची नेहमीच्या वेळेला. रिपोर्ट पाळलेल्यांमध्ये मूल झालं 58.5 टक्क्यांना, न पाळलेल्यांमध्ये 61.9 टक्क्यांना. म्हणजे फायदा दिसलाच नाही. चार-पाच वेळा अपयश आलेल्या प्रत्येकीला हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण पहिल्याच ट्रान्सफरआधी कुणी ही टेस्ट 'करून टाकू' म्हणालं, तर मी खुर्ची पुढे ओढून विचारीन, कशासाठी?

यादीत दुसरं होतं पीजीटी, गुणसूत्रांची तपासणी. ही माझ्याच टेबलावर होते. एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातल्या पाचेक पेशी लेसरने सोडवून घ्यायच्या. लोकांना वाटतं, यामुळे एम्ब्रियो सुधारतो. नाही हो. ही निवडीची टेस्ट आहे. आठ एम्ब्रियो असतील तर आधी कुठला, हे कळतं. बाईचं वय चाळिशीकडे असेल तर काही निष्फळ ट्रान्सफर आणि गर्भपात वाचू शकतात. तरुण बायकांचं चित्र वेगळं. चीनमध्ये 20 ते 37 वयाच्या 1212 जणींवर अभ्यास झाला, त्याचे आकडे 2021 मध्ये आले. तपासणी केलेल्यांत 77.2 टक्क्यांना मूल झालं, न केलेल्यांत 81.8 टक्क्यांना. आणि ज्यांच्याकडे एकच एम्ब्रियो, तोही आधीच गोठवलेला, त्यांनी तो वितळवून, पेशी काढून, पुन्हा गोठवून निवडायचं कशातून? (मुलगा की मुलगी तेही कळेल का, असं हळूच विचारणारे अजून भेटतात. 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे, आणि मी सांगणारही नाही.)

यादीतल्या किलर सेलबद्दल, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींच्या टेस्टबद्दल एवढंच, की दंडातून काढलेल्या रक्तातल्या पेशी मोजून गर्भाशयातल्या पेशींचा अंदाज बांधता येत नाही. नाव मात्र झोप उडवणारं.

टीबीची टेस्टही यादीत होती. टीबी आपल्याकडे खराच आहे, गर्भाशयाच्या नळ्या बंद करतो, तो हसण्यावारी नेऊ नका. पण अस्तराच्या तुकड्याचा नुसता पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला म्हणजे जिवंत जंतू आहेत असं ठरत नाही. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात सापडतो. सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी कल्चर (जंतू वाढवून बघणं), बायोप्सी काय म्हणते हे डॉक्टरांना विचाराच. एम्ब्रियो फ्रीजमध्ये असेल तर सहा महिन्यांनी त्याचं वय वाढत नाही, उणे 196 अंशांत तो तसाच थांबतो. पण बीजं पुन्हा काढायची असतील आणि तुम्ही 39 च्या असाल, तर ते सहा महिने महाग पडतात.

तर त्या जोडप्याला मी म्हटलं, प्रत्येक टेस्टपुढे लिहा, रिपोर्ट वाईट आला तर आपण काय वेगळं करणार, आणि ते केल्याने मूल होतं हे कुणी दाखवलंय का. नवरा लिहीत बसला, मी फाईल चाळत होते. मधेच चार वर्षांपूर्वीचा एचएसजी, म्हणजे गर्भाशय आणि नळ्यांचा एक्स-रे. पिवळट कागद, त्यावर एक ओळ: उजवी नळी फुगलेली, पाणी साठल्याचा संशय. ते पाणी गर्भाशयात झिरपतं, आणि अशी नळी ट्रान्सफरआधी काढली किंवा बंद केली तर गर्भ राहण्याची शक्यता वाढते. ही जुनी, सिद्ध झालेली गोष्ट. नव्या यादीत ती नव्हती. मी कागद वर काढून ठेवला आणि म्हटलं, आज डॉक्टरांना आधी हे दाखवा.

सोनोग्राफीत नळी दिसली, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी ट्रान्सफरच्या चिठ्ठीवर तेच नाव आलं. मी ताडून बघायला बाहेर गेले. त्यांनी टेस्टचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ताई, वितळल्यावर कसं आहे ते?"

मी म्हटलं, "फुलायला लागलंय."