बारा इंचांतलं नाशिक

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : फरशीवर पसरलेले जुन्या कापडांचे तुकडे. दोन हात त्यातून निवड करतायत.]

गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाचा तरी असतो. हे आजीचं लुगडं, हे आजोबांचं धोतर, ही धाकट्याची शाळेची चड्डी. आपल्याकडे गोधडीची ओळख माणसांवरून पटते. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांनी चौकोनांना गावांची आणि वाटांची नावंही दिली. ‘ओहायो स्टार’, ‘कॅन्सस ट्रबल्स’, ‘रोड टू कॅलिफोर्निया’ ही तिथली जुनी, घरोघरी शिवली जाणारी नक्षी आहे. अशा एका चौकोनाला त्या ब्लॉक म्हणतात. बरेचदा तो १२ बाय १२ इंचांचा असतो. चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातो, म्हणून कापताना साडेबारा धरायचा.

मला नाशिकचा ब्लॉक शिवायचा होता, आणि त्यात दोन्ही रीती हव्या होत्या. गाव दिसायला हवं आणि कापड माणसांच्या अंगावरचं हवं.

नाशिक म्हटलं की द्राक्षाचा घड सुचतो, देवळाचा कळस सुचतो, मिसळीची ताटली सुचते. हे तिन्ही मी बाजूला ठेवलं. असली चित्रं भरतकामात शोभतात, पिशवीवर छान दिसतात. गोधडीचा चौकोन मात्र कापडाच्या आकारांतून आणि टाक्यांतून बोलतो. शिवाय द्राक्षाचे मांडव आहेत निफाडला, दिंडोरीला, पिंपळगाव बसवंतला. त्यांचा ब्लॉक तिथल्या बायकांनी करावा, तो त्यांचा मान आहे.

[दृश्य : कागदावर पेन्सिलीने आखलेले सोळा चौकोन. त्यांतून वळत जाणारी एक रेघ.]

तीन-तीन इंचांचे सोळा चौकोन आखले. वरची बाजू उत्तर. डाव्या कडेला ब्रह्मगिरीचे त्रिकोण, कारण गोदावरी तिथून निघते. पुढे १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, पण आपल्या सोळा चौकोनांत तिचा वाटा पाचांचा. डावीकडून येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. हे वळण म्हणजेच नाशिक. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पंचवटी, आतल्या अंगाला जुनं नाशिक. ज्यानं लहानपणी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कपडे धुताना आईचा हात धरलाय, त्याला हे वळण नाव न सांगता ओळखू येईल.

नदीसाठी मी निळं कापड काढून ठेवलं होतं. आमच्या शेजारच्या मावशी आयुष्यभर गोधड्या शिवत आल्या. त्यांनी ते हातात घेतलं आणि परत ढिगात टाकलं.

“निळी कुठं असते गं गंगा? पावसाळ्यात पाहिलीस ना?”

“पाहिलीय, मावशी.”

“मग चहाच्या रंगाचं बघ काहीतरी. ते बघ, ते लुगडं.”

ते लुगडं धुऊन धुऊन मातकट झालेलं होतं. मूळचा रंग आता सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर पुलावर उभं राहिलं की खालून जातो, नेमका तोच रंग. नदी ठरली.

[दृश्य : वळणाचा तुकडा शिवताना अगदी जवळून.]

वळण शिवणं हे सगळ्यांत वेळखाऊ काम आहे. पाव वर्तुळाचे दोन तुकडे, एकाचं पोट आत, दुसऱ्याचं बाहेर. आत वळणाऱ्या कडेला बारीक खाचा दिल्याशिवाय ती उघडत नाही, आणि कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलं गेलेलं असल्यामुळे ओढलं की ताणतं. टाचण्या दाट लावायच्या आणि हाताने शिवायचं. घाटाच्या पायऱ्या त्या मानाने सोप्या. राखाडी, फिकट राखाडी, त्याहून फिकट, अशा अर्ध्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या पाण्याकडे उतरत जाणाऱ्या. यांत दोन पट्ट्या एका निवृत्त शिक्षकांच्या धोतराच्या आहेत, चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेल्या.

[दृश्य : नदीपात्रातला दुतोंड्या मारुती. आधी कोरड्या पात्रात, मग पुराच्या जुन्या छायाचित्रांत.]

नाशिकचा पूर मीटरमध्ये कुणी विचारत नाही. “मारुतीच्या कुठवर आलं?” असं विचारतात. रामकुंडाच्या खाली नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गुडघ्याला पाणी म्हणजे गंगा भरली. कमरेला म्हणजे घाटावरची दुकानं हलवा. छातीला म्हणजे सराफ बाजार जागा झाला. १९६९चा पूर आजही सांगितला जातो, २००८, २०१६ आणि २०१९चे तर आपण डोळ्यांनी पाहिले.

मारुतीसाठी अर्धा इंच रुंद, अडीच इंच उंच अशी शेंदरी पट्टी नदीच्या वळणावर तुरपाईने बसवली. चेहरा काढला नाही, शेपटी नाही, गदा नाही. नुसती उभी शेंदरी पट्टी. मग आतले थर घालून झाल्यावर मातकट दोऱ्याचा धावदोरा आडवा नेला आणि त्या पट्टीवरूनच पार केला. घोट्याशी एक ओळ, गुडघ्याशी एक, कमरेशी दोन, छातीशी एक. वरचा भाग मोकळा. बाहेरच्या माणसाला त्या नुसत्या शिवणी वाटतील. नाशिककर बोट ठेवून सांगेल, हा अमक्या सालचा.

[दृश्य : काळाराम मंदिराची भिंत, काळ्या दगडाचे सांधे. पूर्वेचा दरवाजा.]

पंचवटीच्या बाजूला एक चौकोन पूर्ण काळा आहे. चंद्रकळेचा तुकडा, तीन बाय तीन. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलं, रामशेजच्या डोंगरातल्या काळ्या दगडात. बांधकाम देखणं आहे, यात वाद नाही. पण या शहरात वाढलेल्या माणसाला तो काळा चौकोन नुसत्या दगडाचा रंग म्हणून शिवता येणार नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे आधारस्तंभ. मागणी एवढीच, की ज्यांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलंय त्यांना देवळात जाऊ द्या. देवळाची दारं बंद करण्यात आली. सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या आणि ते चारही दारांसमोर बसले. हा लढा पुढे पाच वर्षं चालला.

त्या काळ्या तुकड्यावर मी काही चित्र काढलं नाही. कडेने आत दोन फेरे निळ्या दोऱ्याचे घातले आहेत. एकूण १५० टाके. इंचाला सात-आठ टाके बसवावे लागतात तेव्हा तेवढ्या जागेत मावतात. आकडा सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसल्या.

“बायांचा दोरा वेगळा घे,” त्या म्हणाल्या. “सव्वाशे पुरुषांत हरवतील त्या.”

म्हणून २५ टाके फिकट निळे आहेत. ते एकत्र घातलेले नाहीत, चारही बाजूंना वाटून दिलेत. हा या ब्लॉकमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय आहे, आणि तो माझा नाही.

[दृश्य : पांडवलेणी. सकाळच्या उन्हात खांब. लेणे क्रमांक १०च्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं.]

खालच्या डाव्या कोपऱ्यात पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरावरची ही २४ लेणी पाहायला शाळेच्या सहली येतात, पायऱ्या चढून दमतात, खांबांजवळ फोटो काढतात आणि उतरतात. दहाव्या लेण्यात भिंतीवर एक लेख आहे, त्याच्यापुढे थांबणारे थोडे. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येकीने तिथे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याने हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दिलं. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. लेण्यासोबत त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले आणि ते ठेवले गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर धरणाच्या वाटेवरचं गोवर्धन गाव. एका विणकर श्रेणीकडे २०००, दर महिना शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशोब करू. २००० वर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २० कार्षापण. वर्षाचे २४०. हे पैसे कशासाठी? या लेण्यात पावसाळ्याचे महिने राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. २० गुणिले १२, बरोबर २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही.

कापडाच्या पैशाचा हिशोब डोंगरात कोरून ठेवलाय. राजाच्या घरातल्या माणसाने तो विणकरांच्या हाती सोपवला, कारण राजा जाईल, जावई जाईल, विणकरांची श्रेणी मात्र पुढेही राहील, असा भरवसा त्याला असणार. मला हे वाचताना दर वेळी अभिमान वाटतो. माग चालवणाऱ्यांची या भूमीत एवढी पत होती.

आणि चीवर तरी काय असतं? तुकडे जोडून शिवलेलं वस्त्र. मगधातली भाताची शेतं पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला तशी जोडणी करायला सांगितली, असं विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, आलंय. बांध आणि वाफे, वाफे आणि बांध. इगतपुरीकडून नाशिकला येताना जुलैत खिडकीबाहेर हेच दिसतं.

[दृश्य : इगतपुरीजवळची भातखाचरं. त्यावरून कोपऱ्यातल्या चौकोनावर.]

म्हणून त्या कोपऱ्यात खांब नाहीत, स्तूप नाही. तीन इंचांत बारीक वाफे जोडलेत, हळदीत रंगवलेल्या मांजरपाटाचे. वाफ्यांमधल्या बांधांच्या पट्ट्या पाव इंचाच्या, त्या जोडताना डोळ्यांना त्रास होतो. भर दुपारी, खिडकीशी बसूनच हे काम करायचं.

[दृश्य : जुनं नाशिक. अरुंद गल्ल्या, वाड्यांची लाकडी दारं. तांबट गल्लीतले ठोके.]

जुन्या नाशिकला दोन चौकोन. एक तांब्याच्या रंगाचा. त्यावर टाके इतके जवळजवळ घातलेत की मठारलेल्या हंड्याच्या अंगासारखी खळगी उठलीय. त्याबद्दल अधिक सांगण्यापेक्षा हात फिरवून बघावा.

दुसरा रहाडीचा. रंगपंचमीला नाशिकमध्ये रहाडी उघडतात. पेशवाईतले हौद, रस्त्याच्या खाली. वर्षभर लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून माणसं, गाड्या, भाजीवाले जातात. मग रंगपंचमीच्या आधी खणून मोकळ्या करतात, पूजा होते, रंग कालवतात आणि लोक धप्पा मारतात. रहाडीत पडलेल्याचा रंग चार दिवस जात नाही. हे झाकलेपण दाखवल्याशिवाय रहाड दाखवली असं म्हणता येणार नाही. म्हणून या चौकोनावर मातीच्या रंगाची एक झडप आहे, कडेला टिचबटण. बटण उघडलं की आत पळसाच्या फुलांचा केशरी. मुलांना ब्लॉक हातात दिला की पहिला हात तिथेच जातो.

[दृश्य : ब्लॉक उलटा करून अस्तर लावताना.]

अस्तराला मालेगावच्या यंत्रमागावरचं सुती कापड. जिल्ह्यात लूम चालत असताना अस्तर बाहेरून आणायचं कारण नव्हतं. आत मावशींच्या घरातल्या दोन साड्यांचे थर. प्रत्येक ब्लॉक असा थर लावून, शिवून पुरा करायचा आणि मग एकमेकांना जोडायचे. पुढे सिन्नरचा होईल, त्र्यंबकचा होईल, निफाडचा होईल. तिथल्या बायका काय घेतील, काय सोडतील, हे त्या ठरवतील.

येवल्याचा ब्लॉक मात्र याच ब्लॉकला लागून जोडायचा, एवढं मी मागून घेतलंय. तो करणाऱ्या ताई पैठणी विणणाऱ्या घरातल्या आहेत. त्यांच्याकडे नारळी काठाचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. पण जोडणीचं कारण पैठणी नाही. नाशिकला पाच वर्षं दारं उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळाराम ते येवला ही एकच वाट आहे.

[दृश्य : काळ्या चौकोनाची उजवी कड. निळ्या दोऱ्याचं मोकळं टोक.]

निळ्या दोऱ्याला शेवटी गाठ मारलेली नाही. वीतभर दोरा सोडलाय. ताईंना फोनवर तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, “किती नंबरचा दोरा आहे? मी तोच आणते.”