थरथरणारा काटा

काट्याकडे बघा. गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. इंजिन संथ लयीत चाललंय. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा मात्र 900 वरून थेट 2000 वर उडी घेतो, तिथे क्षणभर थरथरतो आणि धपकन शून्यावर येतो.

जुन्या गाडीत ही खोड दिसली की बहुतेक जण तो मीटर, म्हणजे टॅकोमीटर, बदलायला निघतात. जरा थांबा. त्याआधी बरंच काही तपासता येतं, आणि पहिल्या तपासणीला तर हत्यारही लागत नाही.

डोळे मिटा आणि इंजिन ऐका. काटा खाली पडतो त्याच क्षणी इंजिनही अडखळत असेल, गाडीला बारीकसा झटका बसत असेल, तर काटा खरं सांगतोय. दोष इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत शोधायचा: झिजलेले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कमजोर कंडेन्सर (त्या स्विचला जोडलेला कपॅसिटर), कॉइलचं (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचं) सैल टर्मिनल. पण काटा नाचतोय आणि इंजिनचा आवाज जराही बदलत नाही, तर इंजिनला मोकळं सोडा. बिघाड कॉइलपासून डॅशबोर्डपर्यंतच्या वाटेत कुठेतरी आहे. या गाडीत तसंच आहे.

ही वाट समजून घेऊ. हा टॅकोमीटर ठिणग्या मोजून फेरे सांगतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे 900 आरपीएमला सेकंदाला 30 आणि 3000 ला सेकंदाला 100. दर वेळी पॉइंट उघडले की कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर व्होल्टेजचा एक टोकदार धक्का उठतो. तो एका बारीक वायरने मीटरपर्यंत येतो. मीटरमधलं सर्किट प्रत्येक धक्क्याला ठरावीक मापाचा करंट सोडतं, आणि त्या सगळ्याची सरासरी म्हणजे काट्याची जागा. मधले काही धक्के हरवले तर काटा पडतो. भलतेच धक्के मिसळले तर तो उसळतो.

ती वायर आधी बघायची. कॉइलपासून निघून ती इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत जाते. पत्र्याच्या भोकातलं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने दगडासारखं होतं, आणि वायरचं आवरण तिथे घासतं. चालू इंजिनात कॉइलच्या टोकाला बोट लावू नका. तिथला धक्का काही शे व्होल्टचा असतो. आपल्या गाडीतली वायर धड निघाली.

आता हेडलाइट लावू. पाहिलंत? दिवे लागले तसा काटा 300 ने वर सरकला. दिव्यांचा आणि फेऱ्यांचा काय संबंध? संबंध अर्थिंगचा आहे. मीटर आणि डॅशबोर्डवरचे दिवे एकाच अर्थवर असतात, आणि तो अर्थ बॉडीच्या पत्र्यावर एका स्क्रूने कसलेला असतो. त्या स्क्रूखाली गंज चढला की करंटला परतीची वाट अपुरी पडते, आणि मीटरचा शून्य व्होल्टच मुळात हलायला लागतो. मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. हा फरक 0.1, फार तर 0.2 व्होल्टच्या आत हवा. इथे 0.9 दिसतोय.

स्क्रू काढला तेव्हा खालचा पत्रा तपकिरी झालेला, वायरच्या टोकाची रिंग काळी पडलेली. दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, नवा वॉशर घातला, स्क्रू घट्ट कसला. दिवे लावले, काटा जागचा हलला नाही.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. वीस मिनिटं इंजिन चाललं, डॅशबोर्ड तापला, आणि काटा पुन्हा शून्यावर कोसळला. डॅशबोर्डवर बोटाने टकटक केली की परत येतो. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडतो, टकटक केल्यावर सुधारतो, ही खूण मला फार मोलाची वाटते. आता मात्र मीटर उघडायलाच हवा.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडायचं. मीटर काढताना काट्याला हात लावायचा नाही. त्यामागची स्प्रिंग केसासारखी नाजूक असते, ती वाकली तर सगळंच गेलं. सर्किटवर एक छोटा प्रीसेटही दिसेल, काटा नेमका करण्यासाठी दिलेला. तो फिरवून बघायचा मोह होतो. फिरवू नका. बिघाड तसाच राहतो, वर मापही चुकतं.

भिंगातून बघा. सर्किटच्या मागच्या बाजूला, सिग्नलची वायर जिथे जोडली आहे तिथे, पिनच्या भोवती एक काळसर कडी आहे. केसाएवढी बारीक. ती सोल्डरमधली, म्हणजे पिन सर्किटला जोडणाऱ्या धातूमधली भेग. वर्षानुवर्षं तापून-निवून, हादरे खाऊन पिन आणि सोल्डर सुटे झाले. थंड असताना ते एकमेकांना टेकतात, तापल्यावर अंतर पडतं. जुनं सोल्डर शोषून काढलं, पिन साफ केली, फ्लक्स लावून नवं सोल्डर भरलं. आता ते शंकूसारखं उतरतं आहे, चमकतं आहे. शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून टाकला. वयानुसार हे आतून सुकतात आणि काटा थरथरू लागतो. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि निगेटिव्हची पट्टी पूर्वी होती त्याच बाजूला.

दोन गोष्टी जाता जाता. काही आणखी जुन्या गाड्यांत वायरऐवजी फिरती केबल असते. तिथे काटा झोके घेतो तो बहुधा केबल कोरडी पडल्यामुळे किंवा कुठेतरी मुरगळल्यामुळे. आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्याच्या दिवसापासून काटा बिघडला असेल, तर मीटर सहसा निर्दोष असतो. नव्या सिग्नलची जात त्याला ओळखता येत नाही.

मीटर जागेवर बसवला आहे. इंजिन सुरू होऊन अर्धा तास झाला, डॅशबोर्डला हात लावला तर कोमट लागतो. हेडलाइट लावले. वायपर सुरू केले. मीटरच्या शेजारी बोटाने टकटक केली, मग मुठीने. काटा 900 वर आहे. आता ॲक्सिलरेटर हळूच दाबतो. 1000, 1500, 2000, आवाजाच्या जोडीने तो वर चढतो आहे. पाय उचलला. आवाज उतरला, काटाही उतरला.